मागच्या खोलीतला ड्राइव्ह

प्रिय भाऊजी,

पत्र बघून दचकू नका. घरात सगळे हिंडतेफिरते आहेत. फोनवर बोलावं तर तुमचे दादा सतत समोर, आणि मेसेज पाठवला तर तुम्ही त्यावर अंगठा चिकटवून मोकळे होता. मला जे सांगायचंय ते अंगठ्यात मावणारं नाही. दादा एका शाळेचे फोटो काढायला गेलेत, स्टुडिओत चिटपाखरू नाही, म्हणून काउंटरवरच कागद पसरून बसलेय. आधी तक्रार ऐकून घ्या. ती पोटात ठेवली तर पुढचं काही मला सुचायचं नाही.

तक्रार तुमच्या त्या ड्राइव्हची. गेल्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा मी एवढंच म्हणाले होते की स्टुडिओतला नवा कॉम्प्युटर दिसायला देखणा आहे, पण त्याला सीडी घालायला तोंडच नाही. आणि आमचं निम्मं आयुष्य सीड्यांमध्ये. दादांनी आजवर काढलेली सगळी लग्नं, सगळी संमेलनं, सगळे वाढदिवस बाबांच्या खोलीतल्या त्या लोखंडी कपाटात रचून ठेवलेले. जुन्या सीड्या आता चालेनाशा व्हायला लागल्या होत्या, म्हणून सगळं नव्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं आम्ही ठरवलं होतं. मी म्हटलं, एक सुटा सीडी-ड्राइव्ह विकत आणू, वायरीने जोडू, विषय संपला. तर तुम्ही हसलात. "वहिनी, बाबांच्या कॉम्प्युटरला चांगला ठणठणीत ड्राइव्ह असताना दुसरा कशाला? तोच मी तुम्हाला नेटवर्कवर देतो. सीडी मागच्या खोलीत फिरेल, फोटो पुढे तुमच्यासमोर." दादांना तर खर्च वाचतोय म्हटल्यावर तुमच्यात साक्षात देव दिसला. सुट्टीचे दिवस तुम्ही बोळकांडीत रांगण्यात घालवलेत, दाराच्या चौकटीला भोक पाडलंत, स्वयंपाकघराच्या भिंतीवरून वायर नेलीत, आणि शेवटी माझ्या स्क्रीनवर एक छोटंसं चित्र उमटलं. त्याखाली तुम्ही नाव दिलं होतंत, "बाबांचा ड्राइव्ह". मी टाळ्या वाजवल्या होत्या, हे मला चांगलं आठवतंय आणि आठवलं की स्वतःचाच राग येतो.

कारण तुमची टॅक्सी वळली आणि मला साक्षात्कार झाला की फोटो वायरीतून येतात, सीडी येत नाही. सीडी बदलायला माणूसच लागतो. म्हणजे मी स्टुडिओतून उठायचं, बोळकांडीतून आत जायचं, स्वयंपाकघर ओलांडायचं, बाबांच्या खोलीत शिरायचं, बटण दाबायचं, ट्रे बाहेर येईपर्यंत थांबायचं, सीडी घालायची आणि त्याच वाटेने परत. परत येऊन बसावं तर तिकडचा कॉम्प्युटर झोपी गेलेला, चित्रावर लाल फुली. पुन्हा उठा, त्याला जागं करा. उठायला लागू नये म्हणून केलेली ही सोय, आणि तिच्यापायी दिवसभर येरझारा. माझं वजन उतरलं, सीड्या काही उतरेनात. हे आधी सांगायला काय झालं होतं तुम्हाला?

तेव्हा बाबाच एक दिवस म्हणाले, "तू कशाला धावतेस? तिथून नाव सांग, मी घालतो." तुम्हाला ठाऊक आहे, आई गेल्या आणि पाठोपाठ औषधांचं दुकानही देऊन टाकलं, तेव्हापासून ते त्या खोलीत स्क्रीनवरचे पत्ते खेळत बसायचे. जेवायला बोलावलं की यायचे, नाही बोलावलं तर तसेच बसायचे. मला वाटलं, चला, बरंच झालं. झालंही बरंच. पण भाऊजी, त्यांनी त्या ड्राइव्हचं अक्षरशः दुकान केलं. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून कामावर बसायचे. मी इकडून नाव पुकारायचं. ते सीडी हातात घेऊन त्यावरचं नाव मोठ्याने दोनदा वाचायचे, गिऱ्हाइकाच्या हातात बाटली देण्याआधी वाचायचे तसंच. मग मऊ फडक्याने मधून कडेला पुसायची, मग म्हणायचं, "घातली." तोवर मी इकडे ताटकळत. दादांचं अक्षर नीट लागलं नाही की सीडी परत. "हे कुणी लिहिलंय? डॉक्टरने?" दुपारी जेवणानंतर ड्राइव्ह बंद, कारण मालक आडवे झालेत. आणि घाईत मी जाऊन स्वतः सीडी घातली की संध्याकाळपर्यंत तोंड फुगलेलं. कितीदा वाटायचं, ते सगळं उपटून बाहेर फेकावं. पण काम चाललं होतं. कपाटाचे वरचे कप्पे रिकामे होत होते, आणि बाबा जेवायला न बोलावता यायचे. एकदा तर घास हातात धरून सांगत होते की कुणाच्या तरी लग्नातला एक म्हातारा सगळ्या फोटोंत डोळे मिटलेला आहे, त्याला नक्की ॲलर्जीची गोळी लागत असणार.

आणि मग तुमचं नेटवर्क बिघडलं.

म्हणजे आम्ही तसंच म्हणायचो. बाबा "घातली" म्हणायचे आणि माझ्या स्क्रीनवर ड्राइव्ह रिकामा. मी पुन्हा विचारलं की ते चिडायचे, "घातली म्हणून सांगतोय ना." जाऊन बघावं तर ट्रे खरंच रिकामा आणि सीडी त्यांच्या शर्टाच्या खिशात. असं आधी कधीतरी, मग वारंवार. कधी फोटो अर्ध्यावर येऊन अडकायचे, कारण मागे कॉम्प्युटर भिंतीवरच्या बटणानेच बंद केलेला. विचारलं की म्हणायचे, "तूच म्हणालीस बंद करा." मी म्हटलेलं नसायचं. पण भाऊजी, ते इतक्या ठामपणे सांगायचे की मलाच वाटायचं, कामाच्या गडबडीत म्हणाले असेन. तेव्हा मी मनातल्या मनात तुम्हाला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

बेकरीवाल्यांचं प्रकरण तुमच्यापर्यंत पोचलंय, पण अर्धवट. त्यांच्या लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून त्यांनी बायकोच्या नकळत जुन्या फोटोंचा नवा अल्बम करायला दिला होता. लग्नाच्या सीड्या दोन. पहिलीत नवरा-नवरी, दुसरीत नुसते पाहुण्यांचे गट. मी इकडून पुकारलं आणि बाबांनी तिकडे मोठ्याने वाचलेलं माझ्या कानांनी ऐकलं, "बेकरीवाले, भाग दोन. बेकरीवाले, भाग दोन. घातली." मी फोटो घेतले, अल्बम लावला, छापून आला, त्यांनी तो घरच्यांसमोर बायकोच्या हातात दिला. पहिली निम्मी पानं सगळे खूश. पुढची निम्मी पानं भलत्याच लग्नातल्या माणसांची. गंमत अशी की बराच वेळ कुणाच्या लक्षातच आलं नाही. ती म्हणाली, ही तुमच्याकडची मंडळी दिसतायत, मी कधी पाहिली नाहीत. ते म्हणाले, माझ्याकडची कसली, असे दिसणारे तुझ्याच माहेरचे. यावरून त्या दोघांचं जे जुंपलं ते दुसऱ्या दिवशी अल्बमसकट आमच्या काउंटरवर येऊन आदळलं. आज मला हसू येतंय. त्या दिवशी दादांचा चेहरा पांढराफटक पडला होता. इतक्या वर्षांत त्यांच्या स्टुडिओतून कुणाला चुकीचा फोटो गेला नव्हता.

त्याच तिरमिरीत त्यांनी तुम्हाला फोन लावला. मी शेजारीच उभी होते. ते म्हणाले, "तुझ्या त्या नेटवर्कमध्ये एकाचे फोटो दुसऱ्यात मिसळतायत." तुम्ही म्हणालात, "दादा, वायर म्हणजे काय भाजीची पिशवी आहे का, मिसळायला?" तुम्ही गमतीत म्हणालात, पण ती वेळ गमतीची नव्हती. मग ते बोलून गेले की तू वर्षातून एकदा येतोस, भोकं पाडतोस आणि जातोस, निस्तरायचं आम्ही. आणि तुम्ही म्हणालात, "मग काढून टाका." फोन ठेवल्याचा आवाज मलासुद्धा ऐकू आला. तेव्हापासून तुमचा फोन नाही. दादाही करत नाहीत. रविवारी तुमच्या फोनची वेळ झाली की बाबा फोनजवळ येऊन बसतात आणि थोड्या वेळाने उठून जातात. दोघेही बाप्ये, दोघेही शहाणे, आणि रुसवा कशावरून, तर एका वायरीवरून. मी तुम्हा दोघांपुढे हात टेकले.

पण भाऊजी, भांडण वायरीचं नव्हतंच, हे मला कळायला कॉम्प्युटर दुरुस्तीवाला घरी यावा लागला. आधीही दादांनी त्याला बोलावलं होतं, त्याने सगळं तपासून काही बिघाड नाही असं सांगितलं होतं, आणि दादांनी त्याला अडाणी ठरवलं होतं. या वेळी ड्राइव्हमधून घरघर आवाज यायला लागला म्हणून मीच बोलावलं. दादा बाहेर होते, बाबा अंघोळीला गेले होते. त्याने पिनेने ट्रे उघडला. आत सीडी नव्हती. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी होती, चेमटलेली, दोन गोळ्यांचा चुरा झालेला. बिचारा भला माणूस. त्याने ट्रे फुंकून साफ केला, पट्टी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि एवढंच म्हणाला, "वहिनी, तुमची जोडणी ठीक आहे." बाबांच्या टेबलातला गोळ्यांचा खण आणि ड्राइव्हचा ट्रे, दोन्ही पुढे सरकतात, दोन्हीत काहीतरी ठेवायचं असतं. जन्मभर ज्यांनी लोकांच्या हातात बरोबर औषध दिलं त्यांची अशी गल्लत व्हावी, हे माझ्या डोक्यात शिरायला तयार नव्हतं. मग मात्र मागचं एकेक आठवायला लागलं. खिशातली सीडी. बंद केलेलं बटण. बेकरीवाल्यांचा भाग दोन, वाचलेला बरोबर आणि घातलेला भलताच. आणि ड्राइव्हशी संबंध नसलेलंही बरंच काही, जे मी बघितलं होतं आणि वयावर ढकललं होतं. हे कालचं दूध म्हणून ते हल्ली दूधवाल्याशी वाद घालतात, असतं ते आजचंच. आईंचा चष्मा शोधत असतात.

दादांना मी सांगितलं. ती पट्टी त्यांच्यासमोर ठेवली. ते म्हणाले, लाइट गेले असतील, अंधारात चुकून पडली असेल. मी म्हटलं, लाइट गेले असते तर ट्रे उघडलाच नसता. ते कॅमेऱ्याची लेन्स पुसत बसले. आणि दुसऱ्या दिवशी काय केलं असेल? मी पहिल्या दिवसापासून मागत होते तो सुटा ड्राइव्ह विकत घेऊन आले. माझ्या टेबलावर ठेवला, वायर जोडली, स्वतः सीडी घातली, फोटो सरसर आले. "बघ," म्हणाले, "नेटवर्कचाच घोळ होता." मी कपाळावर हात मारला. ज्या गोष्टीने माझं म्हणणं सिद्ध व्हावं, तिनेच त्यांचं झालं. त्यांना मी दोष देत नाही, पण रोज तेच तेच ऐकून जीव मेटाकुटीला येतो. त्यांचे बाबा त्यांना हवेत तसेच हवेत. आणि तसेच ठेवायचे तर कुणाकडून तरी बिघाड झाला पाहिजे. तुम्ही लांब आहात, तुम्ही सोयीचे पडता.

त्या दिवशी बाबा नेहमीसारखे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आपल्या खोलीत बसले. मी पुकारलं नाही. पुकारायची गरजच उरली नव्हती. इथे बसल्या बसल्या सीड्या बदलत होते, इतकं भराभर काम कधी झालं नव्हतं, आणि तरी हात पुढे रेटत नव्हता. जेवायच्या आधी ते स्वतःच स्टुडिओत आले. तो नवा ड्राइव्ह त्यांनी उचलून, खालून-वरून बघितला. मला वाटलं, आता रुसणार. पण ते गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "हा आणलात ते बरं केलंत. मी चुका करतोय." मी काहीतरी सारवासारव करायला लागले तर हाताने थांबवलं. "अगं, मी दुकानात असली माणसं पाहिली आहेत. एकच चिठ्ठी घेऊन पुन्हा पुन्हा यायची. सकाळी औषध नेलेलं असायचं, तरी परत. मी त्यांना कधी ओरडलो नाही, पण त्यांच्या मुलांना दुकानात बोलावून सांगायचो. आता माझ्या मुलांना कोण सांगणार?"

डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले. तिथेही सगळं विचित्रच. डॉक्टरांनी गोळ्यांची नावं विचारली तर बाबांनी धडाधड सांगितली, एका गोळीबद्दल डॉक्टरांनाच दोन गोष्टी ऐकवल्या. आणि आज वार कोणता म्हटल्यावर माझ्याकडे बघायला लागले. निघताना डॉक्टरांना म्हणाले, जरा लवकर सोडा, दुकान उघडं टाकून आलोय. डॉक्टर म्हणतात, सुरुवात आहे, औषधाने वेग कमी करता येईल, पण घरच्यांनी एकत्र बसून पुढचं ठरवायला हवं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बोलावलंय. दादा गाडी काढून दवाखान्याच्या दारापर्यंत येतात आणि बाहेरच थांबतात. म्हणतात, पार्किंग मिळत नाही. त्यांना आत आणायला मी एकटी पुरेशी नाही. तुम्ही सोबत असलात तर येतील, कारण धाकट्या भावासमोर त्यांना घाबरलेलं दिसायचं नसतं. हे मी त्यांच्या माघारी लिहितेय याची लाज वाटत नाही. इतक्या वर्षांच्या संसारात एवढा हक्क मी मिळवलाय.

आता शेवटचं, आणि पत्र लिहायचं खरं कारण. हे मी माझ्या मनाने लिहीत नाहीये. त्या दिवशी स्टुडिओतून उठता उठता बाबा म्हणाले, "धाकट्याला लिही, की त्याची वायर बरोबर होती. त्याच्या कामात काही खोट नव्हती. मी फोन करेन, पण बोलता बोलता काय सांगायचं होतं तेच निसटेल, आणि त्याला वाटेल म्हातारा दोघांत समेट करायला बघतोय." मी म्हटलं, लिहिते, सवडीने. तर म्हणाले, "सवडीने नको. मला पटलेलं आहे तोवर लिही. नाहीतर उद्या मीच म्हणायचो की बिघाड त्याच्या वायरीत आहे." मी तरी दोन-तीन आठवडे चालढकल केली. आज सकाळी चहाचा कप खाली ठेवून ते मला म्हणाले, "धाकट्याने ती वायर नीट जोडलेली नाही गं, त्याला एकदा बोलावून घे." म्हणून हे पत्र दादा परत यायच्या आत पेटीत टाकतेय. त्यांनी दोन्ही वेळा तुमचीच आठवण काढली आहे, भाऊजी. या.

तुमचीच,
वहिनी